वाडा पाडावा की उजेडात आणावा?

मृग नक्षत्र जवळ आले की जुन्या नाशकात महापालिकेच्या नोटिसांचा हंगाम सुरू होतो. रविवार पेठ, भद्रकाली, सराफ बाजार, तिळभांडेश्वर गल्ली, पंचवटी अशा गावठाण भागांतील धोकादायक वाड्यांना त्या बजावल्या जातात आणि पहिल्या मोठ्या सरींत कुठे ना कुठे भिंत कोसळल्याची बातमी वर्तमानपत्रात येतेच. नोटीस हातात पडलेल्या कुटुंबात त्या रात्री होणारी चर्चा बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबते. थोरल्या पिढीला वाडा सोडवत नाही, धाकट्या पिढीला त्यात राहवत नाही आणि मधली पिढी मुकाट्याने बिल्डरचा फोन नंबर शोधू लागते.

या पेचातून आणखी एक वाट निघते. वाडा न पाडता, त्याचा सांगाडा राखून, त्यात उजेड, वारा, पाणी आणि आजच्या संसाराच्या सोयी आणण्याची. ती प्रत्येक वाड्याला लागू पडत नाही. काही वाडे इतके खचलेले असतात की ते उतरवून घेण्यातच शहाणपण असते. तथापि ज्यांचे खांब-तुळया शाबूत आहेत असे वाडेही केवळ अंधारे आणि गैरसोयीचे झाले म्हणून पाडले जातात. एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारी घराणी हा एक व्यवहार मात्र हिशेब न मांडताच करतात, म्हणून या वेळी सदरात तो मांडण्याचे योजले आहे.

नाशिकचे जुने गाव नऊ टेकड्यांवर वसले, असे परंपरा सांगते. गल्ल्या अरुंद आणि चढउताराच्या. घरांची दर्शनी रुंदी कमी आणि आतली लांबी फार. खाली पेढी किंवा दुकान, त्यामागे वखार, मध्ये चौक, वर बिऱ्हाड, ही रचना व्यापाऱ्याला सर्वथा सोयीची होती. गल्लीत उतरले की बाजार आणि जिना चढले की घर. काळ्या पाषाणाचे जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि खांबांच्या मधल्या जागेत विटांची भिंत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. घर किती खणांचे यावरून त्याची ऐपत कळे. अशा घरात वजन पेलतो तो लाकडी सांगाडा. मधल्या विटांच्या भिंती पुष्कळदा केवळ आडोसा असतात. हे एकदा समजले की वाड्यात काय काढता येते आणि कशाला हात लावता कामा नये, याचा निम्मा उलगडा होतो.

मग घर अंधारे का झाले? मूळ वाडा अंधारा नव्हता. चौकातून वरचे आकाश दिसे, ओसरीवर सकाळचे ऊन येई, माजघराला चौकाच्या बाजूने खिडक्या होत्या. पुढे कुटुंब वाढले, वाटण्या झाल्या, भाडेकरू आले. कुणी ओसरीला लाकडी फळ्या मारून खोली केली, कुणी चौकात मोरी बांधली, कुणी पावसाचा त्रास नको म्हणून चौकावरच पत्रे टाकले. गच्चीवर सिमेंटच्या चार खोल्या चढल्या. शेजारी चार मजली इमारत उभी राहिली आणि बाजूचा झरोका बंद झाला. पन्नास-साठ वर्षांत भर पडत गेलेल्या या गोष्टींनी वाड्याचा श्वास कोंडला. म्हणून वाड्याच्या नूतनीकरणाचे पहिले काम बांधण्याचे नसून काढण्याचे असते. फळ्यांचे आडोसे, पोटमाळे, चौकातले पत्रे, गच्चीवरचे सिमेंटचे ओझे उतरविल्यावर अनेक वाडे निम्मे सुधारतात, आणि या कामाला मजुरीखेरीज फारसा खर्च येत नाही.

नाशिककरांना याचे मोठे उदाहरण पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सराफ बाजाराला लागूनच पेशवेकालीन सरकारवाडा उभा आहे. काळा पाषाण आणि सागवान यांचा हा वाडा इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांच्या कामी आला, १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय दीर्घकाळ तेथे होते, आणि पोलीस ठाण्याला तर त्याचे नावच कायमचे चिकटले. पुढे त्याची फार पडझड झाली. राज्य पुरातत्त्व विभागाने त्याचा जीर्णोद्धार हाती घेतला तेव्हा दगडी आणि लाकडी सांगाडा राखूनच तो केला. चांदवडचा होळकरांचा रंगमहालही याच जातकुळीचा. अर्थात सरकारी स्मारकाच्या दुरुस्तीला वेळेचे आणि व्याजाचे बंधन नसते. घरात सून-मुले नांदत असताना, खाली दुकान चालू असताना काम करणे निराळे. तरीही कुजलेला खांब तेवढाच बदलता येतो, तुळईचे कुजलेले टोक कापून नवे सागवान सांधता येते, सगळे लाकूड फेकावे लागत नाही, एवढी गोष्ट तेथे डोळ्यांनी पाहून घेता येते. समाजाला जीर्णोद्धार हा शब्द देरासराच्या संदर्भात चांगलाच परिचित आहे. नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे फळ आठपट, असे व्याख्यानांतून अनेकांनी ऐकलेले असते. तो शब्द घराच्या बाबतीत मात्र कुणाला आठवत नाही.

पहिला खर्च कशावर करावा? रंगावर नव्हे, फरशीवर नव्हे, तर तपासणीवर. तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची बांधकाम स्थैर्याची तपासणी करून घेण्याचे बंधन महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार मालक व भोगवटादार यांच्यावर आहेच. ते केवळ कागद मिळविण्यापुरते पार पाडू नये. ज्याने लाकडी सांगाड्याची घरे हाताळली आहेत असा अभियंता शोधावा, कारण केवळ काँक्रीटची सवय असलेला अभियंता वाडा पाहताच बहुधा पाडण्याचाच सल्ला देतो. त्याने खांबांचे पाय आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोके उघडून पाहिली पाहिजेत. लाकूड कुजते ते प्रायः तेथेच, आणि बाहेरून रंग दिलेला असल्याने दिसत नाही. दुसरी बाब सामाईक भिंतीची. जुन्या गावात एक वाडा शेजारच्या वाड्याला टेकून उभा असतो. शेजाऱ्याने त्याचा वाडा उतरविला की आपल्या भिंतीचा आधार जातो. शेजारी पाडकामाची तयारी करीत असेल तर त्याच्याशी आधीच बोलून टेकू देण्याची व्यवस्था लेखी करून घ्यावी. पावसाळ्यातील कित्येक पडझडींचे मूळ शेजारच्या मोकळ्या झालेल्या भूखंडात असते.

व्यापारी घराण्यांत एक दोष विशेष आढळतो, तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. दुकानाचे शोरूम करताना मधला खांब अडतो म्हणून तो काढायचा आणि वर लोखंडी गर्डर टाकायचा, ही कल्पना गवंड्यालाही सुचते आणि मालकालाही पटते. वरच्या मजल्यावर माणसे झोपतात, याचा विसर पडतो. खांब काढणे शक्य असते, परंतु त्याचे वजन कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत उतरणार याचा आराखडा अभियंत्याने कागदावर मांडल्यावरच. काचेच्या दर्शनी भागासाठी चार फूट जास्त मिळविण्याच्या हव्यासात सबंध घर जोखमीत घालणे हा धंदा नव्हे.

आता उजेडाकडे वळू. चौक हा वाड्याचा मोठाच ठेवा आहे. तो पुन्हा उघडला की मधल्या सगळ्या खोल्यांना दिवसाचा प्रकाश मिळतो आणि तापलेली हवा वर निघून गेल्याने खालची थंड हवा आत खेचली जाते. पावसासाठी आच्छादन हवेच असेल तर काच किंवा पारदर्शक पत्रा चौकाच्या काठापासून दीड-दोन फूट उंच उचलून बसवावा आणि चारही बाजूंची फट झडपांनी मोकळी ठेवावी. काठाला घट्ट बसविलेली काच चौकाची भट्टी करते. एप्रिलमध्ये मग वातानुकूलन यंत्र आणावे लागते आणि पर्यावरणस्नेही घर वीजमंडळाला मोठे बिल भरू लागते. नाशिक साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या मध्यान्ही येथे सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेशेहेचाळीस अंशांवर असतो, तर जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा सज्जा असला तर उन्हाळ्याचे ऊन बाहेर राहते आणि हिवाळ्याचे आत येते. पश्चिमेचे ऊन तिरपे असल्याने त्याला सज्जा पुरत नाही; तेथे लाकडी झडपांच्या खिडक्या किंवा जाळी हवी. जुन्या सुतारांना हे ठाऊक होते. त्या खिडक्या काढून सरकत्या काचा बसविण्याची घाई करू नये, कारण सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग एका वेळी उघडतो.

ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, त्या घराच्या स्वयंपाकघरात दुपारी चार वाजता दिवा लावावा लागणे ही विसंगती आहे. दिवसभराचा सर्वाधिक वावर दुपारनंतर स्वयंपाकघरात असतो. तरी वाड्यात ते मागच्या कोपऱ्यात, धुराड्याखाली ढकललेले असते. चुलीचा धूर होता तोवर ते योग्यच होते. आता गॅस आला, तेव्हा स्वयंपाकघर चौकाच्या काठी आणावे आणि मागची अंधारी जागा कोठीला द्यावी. धान्याला अंधार चालतो, घरातल्या गृहिणीला तो का चालवून घ्यावा? वाड्याचे नकाशे आखताना दिवाणखान्यावर तासन्‌तास चर्चा होते आणि स्वयंपाकघराचा निर्णय पाच मिनिटांत उरकला जातो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की नकाशा प्रथम घरातील स्त्रियांपुढे ठेवावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते.

भिंतींच्या बाबतीत एक चूक जवळजवळ प्रत्येक वाड्यात झालेली दिसते. ओल आली म्हणून चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला जातो आणि त्यावर ऑइलपेंट. जुनी वीट आणि चुना यांतून पाण्याची वाफ सहज बाहेर पडते. जोत्यातून वर चढलेली ओल भिंतीच्या पृष्ठभागावरून सुकून जाते. सिमेंट आणि तैलरंग ही वाट बंद करतात. मग ओल भिंतीच्या आतून आणखी वर चढते, क्षार फुटतात, गिलाव्याचे पापुद्रे निघतात आणि अखेर ती भिंतीत बसलेल्या तुळईच्या टोकाला जाऊन भिडते. घरमालक दर दोन वर्षांनी पुन्हा सिमेंट लावतो आणि रोग्याला पुन्हा तेच विष पाजतो. उपाय साधा, परंतु वेळखाऊ आहे. सिमेंटचा गिलावा पूर्ण खरवडून भिंत एक उन्हाळा मोकळी सुकू द्यायची, जोत्याभोवतीचे सांडपाणी वळवायचे आणि मग चुन्याचा गिलावा करून वर चुन्याचीच सफेदी द्यायची. शुभ्र चुन्याने उजळलेल्या खोलीत किती प्रकाश परावर्तित होतो, हे एकदा पाहिले की छतात दिवे खोचण्याचा मोह पुष्कळ कमी होतो.

चुना घाणीत मळताना चिकटपणासाठी पूर्वी गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडीद असे पदार्थ घालीत. काही जुन्या पद्धतींत अंड्याचाही वापर असे. तेव्हा काम देण्यापूर्वी कारागिराला मिश्रणाविषयी स्पष्ट विचारून घ्यावे. वनस्पतिजन्य मिश्रणाने काम उत्तम होते, त्यासाठी कोणतीही तडजोड करावी लागत नाही. वाळवीचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. लाकडी घर आणि वाळवी यांचे वैर जुने, आणि एकदा तिने घर केले की फवारणीवाचून गत्यंतर नाही असे कंत्राटदार सांगतो. जीवहिंसा नको असलेल्या घराला येथे खरा पेच पडतो. वाळवीला ओल आणि अंधार लागतो. ओल तोडली, लाकूड भिंतीपासून थोडे सुटे ठेवून त्याला वारा दिला, खांबाचा पाय दगडी तळखड्यावरच राहील आणि त्याभोवती माती वा फरशीचे सिमेंट चढणार नाही हे पाहिले, तर फवारणीचा प्रसंग बहुतांशी टळतो. हे सर्व वाळवी लागण्यापूर्वी करावयाचे आहे. फरशी बदलताना तिची पातळी वाढत जाऊन तळखडे गाडले गेलेले वाडे पुष्कळ आहेत; तेथे जुनी पातळी शोधून पुन्हा उघडी करणे हेच मोठे काम ठरते.

लाकडी घरात सर्वांत धोक्याची भर म्हणजे वरच्या मजल्यावरील न्हाणीघरे. प्रत्येक दांपत्याला स्वतंत्र न्हाणीघर हवे, ही आजची रास्त अपेक्षा आहे. परंतु कडीपाटावर वाळू-सिमेंट आणि टाइल्स घालून केलेली मोरी गळल्यावाचून राहत नाही, आणि ती गळते आहे हे खालचे छत काळे पडेपर्यंत कळत नाही. सर्व न्हाणीघरे मागच्या बाजूस एकावर एक अशी, स्वतंत्र पायावरच्या काँक्रीट वा पोलादी चौकटीत उभारावीत आणि लाकडी घराला ती केवळ दरवाजाने जोडावीत. हजार लिटर पाण्याची टाकी म्हणजे एक टन वजन. तिचा भारही याच नव्या चौकटीवर द्यावा. विजेच्या तारांविषयी तर चालढकल करूच नये. लाकडी पट्ट्यांतून गेलेले जुने वायरिंग पूर्णपणे काढून धातूच्या नळ्यांतून नवे करणे आणि गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे यंत्र बसविणे, हा खर्च इतर सर्व हौसेच्या आधीचा.

पर्यावरणस्नेही घर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रथम सौरपट्ट्या येतात. वस्तुतः जुना वाडा उभा ठेवणे हीच त्यातली मोठी बचत असते. सिमेंटच्या निर्मितीतून जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के उत्सर्जन होते. वाडा पाडून नवी इमारत बांधणे म्हणजे शंभर वर्षे टिकलेले दगड, विटा आणि सागवान ट्रकांत भरून बाहेर पाठविणे आणि तेवढेच नवे सामान भाजून आणणे. फ्रान्समधील आन लाकातोन आणि झाँ-फिलिप व्हासाल या वास्तुशिल्पी जोडीला २०२१ चे प्रित्झकर पारितोषिक मिळाले, ते मुख्यतः अशाच विचारासाठी. बोर्दो शहरातील ५३० घरांच्या जुन्या इमारती पाडण्याऐवजी त्यांना बाहेरून प्रशस्त, उजेडाच्या खोल्या जोडल्या गेल्या आणि काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरांतच राहिले.

पाण्याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. छपराचे क्षेत्र १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७५ चौरस फूट असेल, तर त्यावर ७०,००० लिटर पाणी पडते. गळती, बाष्पीभवन वजा जाता ८० टक्के हाती आले तरी ५६,००० लिटर. माणशी रोज १३५ लिटर या प्रचलित मापाने पाच जणांच्या कुटुंबाला ते ८० दिवसांहून अधिक पुरते. अहमदाबादच्या पोळींतील जुन्या घरांत चौकाखाली चुन्याने बांधलेली टाकी असे आणि छपरावरचे पावसाचे पाणी तीत वर्षभरासाठी साठविले जाई. २०१७ साली ते शहर जागतिक वारसा शहर ठरले. तेथील टाक्यांची आठवण नाशकात स्थायिक झालेल्या अनेक गुजराती घराण्यांत आजी-आजोबांच्या तोंडून ऐकायला मिळते. येथे चौकाखाली नवी टाकी खणण्याचे धाडस करू नये, कारण खोदकामाने खांबांचे पाये हलतात. वाड्यात जुना आड असेल तर तोच उपसून, स्वच्छ करून, गाळणीतून छपराचे पाणी त्यात सोडावे. पिण्यासाठी ते वापरायचे असेल तर गाळणे-उकळणे घरोघरी चालतेच. तपासणी तेवढी आधी करून घ्यावी.

सौरऊर्जेचे गणित त्यामानाने सोपे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट वा अधिक क्षमतेला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते आणि त्यातून महिन्याला साधारण १२० युनिट वीज मिळते. जुन्या गावात अडचण सावलीची आहे. शेजारची उंच इमारत दुपारी दोननंतर गच्ची झाकत असेल तर विक्रेत्याच्या तक्त्यातील आकडे बाजूला ठेवावेत. पट्ट्यांचे वजन फार नसते. वादळी वाऱ्यात त्या वर उचलल्या जातात, म्हणून कौलांच्या वाशांना नुसत्या बांधून भागत नाही.

गोदेच्या पुराचा विचार सराफ बाजार, दहीपूल आणि काठच्या वस्त्यांना टाळता येत नाही. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर विस्मरणात गेलेले नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या कितव्या अंगापर्यंत पाणी आले यावरून दुकानदार माल हलविण्याचा निर्णय घेतात. अशा घरात तळमजल्यावर विजेची जोडणी कमरेच्या वर घ्यावी, फरशी शहाबादी किंवा कोट्याची ठेवावी, लाकडी भिंतफळ्या आणि जिप्समची सजावट तेथे मुळीच करू नये. चुन्याची भिंत भिजून पुन्हा सुकते. जिप्समचा लगदा होतो. तळघरात हिशेबाच्या वह्या ठेवण्याची प्रथा तर पूर्वजांबरोबरच संपायला हवी होती. वाडा निळ्या पूररेषेच्या आत येत असेल तर नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत, तेव्हा पाडण्याचा विचार करण्यापूर्वी नगररचना विभागात नकाशा पाहून घ्यावा. अरुंद गल्लीत आणखी एक फटका बसू शकतो. अनुज्ञेय चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर ठरते आणि रस्तारुंदीकरणाची जागा सोडावी लागते. त्यामुळे आज वापरात असलेल्या क्षेत्राएवढे बांधकाम नव्याने मंजूर होईलच असे नाही. रंग, गिलावा, फरशी यांसारख्या किरकोळ दुरुस्त्यांना सहसा परवानगी लागत नाही, पण खांब, तुळई, जिना वा मजल्यास हात लावायचा तर ती लागते.

या सर्वांहून अवघड भाग कागदांचा आणि माणसांचा आहे. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर अजूनही आजोबांचेच नाव असलेले वाडे पुष्कळ. तिघे भाऊ, दोन बहिणी, त्यांपैकी एक दिवंगत, तिची मुले पुण्यात आणि परदेशात, अशी स्थिती असताना वाड्यात राहणारा एक भाऊ स्वतःच्या कमाईतून तीस लाख रुपये घालून वाडा सुधारतो. दहा वर्षांनी वाटणीचा विषय निघतो तेव्हा सुधारलेल्या वाड्याची किंमत सर्वांत वाटली जाते आणि खर्च मात्र एकाच्या नावे राहतो. त्यातून न बोलणारी घरे किती निर्माण झाली, हे समाजातील ज्येष्ठांना सांगायला नको. त्याला उपाय एकच. पहिली वीट हलविण्यापूर्वी सर्व वारसांची नोंद करून घ्यावी आणि खर्च कोणी केला, तो वाटणीच्या वेळी कसा धरायचा, याचा लेखी करार करावा, किंवा ज्यांना हिस्सा सोडायचा आहे त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. बहिणींच्या सह्या ‘त्या काही म्हणणार नाहीत’ या भरवशावर सोडू नयेत. त्यांनी काही म्हणावे की नाही, हे त्यांना आधी विचारले गेले पाहिजे. विचारले जाणे हाच पुष्कळदा त्यांचा खरा मुद्दा असतो.

भाडेकरूंचा प्रश्नही तितकाच नाजूक. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमात दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून घेण्याची तरतूद आहे, तशीच दुरुस्तीनंतर भाडेकरूला परत जागा देण्याचीही आहे. तीन पिढ्या खालच्या दोन खोल्यांत राहिलेल्या शिंप्याला वा पुजाऱ्याला ‘वाडा पडेल’ या भीतीवर बाहेर काढणे आणि मग तेथे पार्किंग करणे, असे प्रकार घडतात. त्याच्या खोलीतील गळकी भिंतही त्याच दुरुस्तीत धरली तर खर्चात पडणारी भर सहसा न्यायालयातील वकिलाच्या शुल्काहून कमी असते.

कर्जाचा विचार करताना एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. घर खरेदी वा बांधकाम आणि घरदुरुस्ती या कर्जांना आयकरात सारखी वागणूक नाही. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या खरेदी-बांधकाम कर्जाच्या व्याजावर वर्षाला २,००,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते; दुरुस्ती वा नूतनीकरणाच्या कर्जावर ती ३०,००० रुपयांपुरतीच आहे आणि मुद्दलाच्या परतफेडीवर काहीच नाही. नव्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घरासाठी ही वजावट मुळीच नाही. समजा १५ लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने १० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १९,००० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ७.८० लाख रुपये होते. पहिल्या वर्षाचे व्याज सव्वा लाखाच्या पुढे जाते. करसवलतीच्या आशेवर कर्ज वाढविण्यात अर्थ नाही. काम दोन हंगामांत विभागून, निम्मे स्वनिधीतून केले तर व्याजाचा भार बराच हलका होतो. वाड्यासारख्या कामाला तसे विभागणे सोयीचेही असते.

विम्याबाबत उदासीनता आश्चर्यकारक आहे. दुकानातील मालाचा विमा असतो, वरच्या घराचा नसतो. एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी आहे. तीत आग, पूर, भूकंप यांचे संरक्षण मिळते आणि घरातील वस्तूंना इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप लागू होते. विम्याची रक्कम जागेच्या बाजारभावावर धरायची नसते, तर घर पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चावर धरायची असते. दुकानाच्या भागासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी आणि प्रस्तावात घराचे वय व लाकडी बांधणी खरी लिहावी. दडविलेली माहिती दाव्याच्या वेळी उघडी पडते. तपासणीचा अहवाल आणि झालेल्या दुरुस्तीची बिले व छायाचित्रे एका फायलीत असली तर विमा कंपनीकडे आणि महापालिकेच्या नोटिसीला उत्तर देताना तीच कामास येतात.

कामाची वेळ हवामानावर आणि बाजारावर ठरते. दिवाळीचा धंदा आटोपल्याखेरीज व्यापारी घरात कुणाला सवड नसते, आणि सुदैवाने चुन्याच्या कामाला मोसमही तेव्हाच लागतो. कार्तिक पौर्णिमेनंतर काढकाम सुरू करावे, पौष-माघात सुतारकाम व्हावे, भिंती होळीपर्यंत मोकळ्या सुकाव्यात, गिलावा चैत्रात आणि छपराचे काम वैशाख संपण्यापूर्वी पुरे व्हावे. गिलावा उन्हाच्या कडाक्यात येतो, म्हणून गोणपाट भिजवून त्याला दिवसातून तीनदा पाणी देणारे घरचे माणूस लागते. कंत्राटदाराचा मजूर ते निष्ठेने करीत नाही. जुने सागवान मिळते ते पाडलेल्या वाड्यांचेच, आणि ते नव्या लाकडापेक्षा भरवशाचे असते. त्याची चौकशी मात्र पावसाळा संपण्यापूर्वीच सुरू करावी लागते, कारण चांगल्या तुळया वखारीत फार दिवस पडून राहत नाहीत.